बाइंडरची बिनक्लचची मोटारसायकल

आमच्या ग्रंथालयाच्या तळघराला एकच खिडकी आहे आणि ती रस्त्याच्या पातळीवर उघडते. तिच्यातून आत येऊ पाहणारा उजेड गेली एकोणीस वर्षे एका मोटारसायकलच्या मागच्या चाकाने अडवून धरलेला आहे. याविषयी मी चार वेळा लेखी तक्रार केली. पहिलीची पोच मिळाली. दुसरीवर ‘संबंधितांनी लक्ष घालावे’ असा शेरा पडला. संबंधित म्हणजे तालिका विभागाचा प्रमुख, अर्थात मीच, असा उलगडा झाल्यावर उरलेल्या दोन तक्रारी मी स्वतःच स्वतःला सादर केल्या, आणि त्यांचेही पुढे काही झाले नाही.

मोटारसायकल आमच्या बाइंडरची. त्याचे खरे नाव हजेरीपटात आहे, पण ते हजेरी घेणाऱ्यालाही आठवत नाही. पुस्तके बांधतो म्हणून बाइंडर. फाटलेली, उसवलेली, वाचकांनी उशाला घेऊन चेपलेली पुस्तके वरून खाली जातात आणि आठवड्याने नव्या पुठ्ठ्यात, नव्या कापडात, सरसाचा वास घेऊन वर येतात. या कामात तो वाकबगार आहे हे मी नाकारत नाही. माझी तक्रार त्याच्या आनंदी स्वभावाविषयी होती. कार्यालयात एखादा माणूस सकाळी नऊ वाजता शीळ घालत आला की बाकीच्यांच्या रास्त गैरसोयीही उगीचच किरकोळ वाटू लागतात. माझी खुर्ची सात वर्षे एका बाजूला कललेली होती. मी ती त्याला दाखवली तेव्हा तो म्हणाला, “बरं आहे की साहेब, खिडकीकडे कलली आहे. भिंतीकडे कलली असती तर काय केलं असतं?”

दुसरी तक्रार अधिक गंभीर होती आणि ती त्याच्या सुरीविषयी होती. पुस्तक शिवून झाले की त्याच्या तिन्ही कडा कटाई यंत्राखाली धरून सरळ कराव्या लागतात. कड आरशासारखी झाल्याशिवाय या गृहस्थाचे समाधान होत नसे, आणि ती तशी होईपर्यंत तो कापत राही. परिणामी आमच्या संग्रहातील कितीतरी पुस्तकांच्या तळटीपांची शेवटची ओळ नाहीशी झाली आहे. प्रादेशिक इतिहासाच्या तिसऱ्या खंडात दोनशे बाराव्या पानावर लेखकाने एका ताम्रपटाविषयी धाडसी विधान केले आहे आणि आधारासाठी तळटीप दिली आहे. ती तळटीप ‘या मताच्या पुष्ट्यर्थ’ एवढ्यावर संपते. पुढचे बाइंडरने कापले. चौदा वर्षे ते वाक्य माझ्या मनात तसेच लोंबकळत होते. मी अकरा चिठ्ठ्या लिहिल्या. प्रत्येक चिठ्ठीवर तो खाली मोठ्या अक्षरांत ‘वाचले’ असे लिहून परत पाठवी.

यंत्राने त्याला स्वतःलाही सोडलेले नव्हते. मी येथे रुजू होण्यापूर्वीची गोष्ट. एका दुपारी पाते खाली आले तेव्हा डावा हात वेळेवर निघाला नाही. बोटे शाबूत राहिली, पण तळव्यातील शिरा तुटल्या, आणि तेव्हापासून त्या हाताने धरता येते, दाबता येत नाही. नव्या माणसाला तो हे असे सांगतो: “इतकी वर्षं मी कडा सरळ केल्या, एकदा मशीनने माझी केली.” त्या वेळचे ग्रंथपाल त्याला सक्तीने घरी बसवणार होते. तेव्हा त्याने मुदत मागून घेतली, त्याच अधू हाताने एक छोटी पुस्तिका तांबड्या चामड्यात बांधली, पाठीवर सोनेरी रेघा ओढल्या आणि ती त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. नोकरी राहिली.

ती पुस्तिका मोटारसायकलचीच होती. खरेदीदाराला गाडीबरोबर मिळते ती, चौसष्ट पानांची. पण तिच्याकडे येण्यापूर्वी गाडीविषयी सांगितले पाहिजे.

अपघातापूर्वी बाइंडर चारचौघांसारखी मोटारसायकल चालवत असे. तिला डाव्या हाताशी क्लचची मूठ असते आणि गिअर बदलताना दर वेळी ती दाबावी लागते. शहरात हे शेकडो वेळा करावे लागते. अधू हाताने ते होईना. त्याने गाडी मेहुण्याला देऊन टाकली आणि बसने येऊ लागला. त्या आठ महिन्यांविषयी तो एकच वाक्य बोलतो: “बसमध्ये बसलं की मी माणूस नसतो साहेब, सामान असतो.”

नवव्या महिन्यात कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने त्याला एका बंद पडलेल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या शेडमध्ये नेले. तेथे ताडपत्रीखाली ही गाडी होती. रुंद टाकी, जाड बैठक, दोन मोठी घड्याळे, आणि डाव्या हँडलवर मूठ सोडून काही नाही. एके काळी काही कारखान्यांनी असल्या स्वयंचलित गिअरच्या मोटारसायकली थोड्या काढल्या, मोटारसायकलवाले त्यांना हसले, आणि थोड्याच वर्षांत त्या बंद झाल्या. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने ही शिकवण्यासाठी म्हणून घेतली, आणि घेतल्यावर त्याच्या लक्षात आले की जिला क्लचच नाही तिच्यावर क्लच शिकवता येत नाही. दूरदृष्टीची ही जात मला कार्यालयामुळे परिचयाची आहे.

हिचे यंत्र मिस्त्रीने बाइंडरला आणि बाइंडरने पुढे मला, मी विचारले नसताना, समजावून सांगितले. तेलाने भरलेला एक बंद डबा. त्यात दोन पंखे समोरासमोर, एकमेकांना न टेकता. इंजिन एक पंखा फिरवते, तो तेल ढकलतो, तेल दुसऱ्या पंख्याला फिरवते आणि तो चाकाला. मध्ये फक्त तेल. पायाशी एक पट्टी आहे, तिला चढाचा एक गिअर आणि सपाटीचा एक. बहुतेक दिवस सपाटीचाच पुरतो. सिग्नलला बाकीचे डाव्या हाताने मुठी आवळून, पाय खाटखाट करत उभे असतात, आणि हा इसम बाकावर बसल्यासारखा बसून डाव्या हाताने नाक खाजवत असतो. हिरवा दिवा लागला की फक्त उजवी मूठ पिळायची. गाडी कसलाही हिसका न देता, जहाजासारखी निघते.

शहरात जुन्या मोटारसायकलींचा एक क्लब आहे. त्यांच्या दर महिन्याच्या मेळाव्यात याला प्रवेश मिळाला, मान मिळाला नाही. “चालता सोफा” हे नाव तेथलेच. क्लबचा अध्यक्ष एक दंतवैद्य आहे. त्याच्यापाशी सहा जुन्या गाड्या, आणि सहाही चकचकीत. तो मात्र हसला नाही. त्याने गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि विचारले, “विकता का? माझ्या वेटिंग रूममध्ये शोभेल. पेशंटना दाढ विसरायला काहीतरी हवं.”

“मी हिच्यावर बसतो डॉक्टर,” बाइंडर म्हणाला, “पेशंटनी का बसावं?”

दंतवैद्याने दर वर्षी विचारले आणि याने दर वर्षी हेच उत्तर दिले.

रविवारी नवराबायको शहराबाहेरच्या तलावापर्यंत जाऊन येत. वहिनी रुग्णालयात टेलिफोनवर असतात. आठवडाभर दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची, म्हणून रविवारी स्वतः बोलतात. मी एकदा सहानुभूतीने त्यांना विचारले की इतक्या जुन्या वाहनावर त्रास होत नाही का. त्या म्हणाल्या, “उलट बरं आहे भावजी. पहिल्या गाडीवर मी काही म्हटलं की हे गिअर बदलायचे. आता कारणच उरलं नाही. ऐकावं लागतं.”

ही व्यवस्था अठरा वर्षे सुरळीत चालली, याचे श्रेय म्हाताऱ्या मिस्त्रीला होते. तेलाचे काम त्याने बाइंडरला कधी करू दिले नाही. “पुठ्ठा तुझा, तेल माझं,” असे तो म्हणे. तेल तपासायचे म्हटले की आधी तो स्वतः गाडी घेऊन एक फेरी मारून येई आणि उतरल्या उतरल्या तेल मोजायची काठी बाहेर काढी. बाइंडर म्हणे, “म्हाताऱ्याचा जीव आहे हिच्यावर. निमित्त काढून फिरवतो.” आम्ही सगळे तसेच समजत होतो. गेल्या वर्षी म्हातारा वारला आणि गॅरेज त्याच्या जावयाकडे आले. जावई कष्टाळू, कमी बोलणारा, आणि फेऱ्या मारण्याचा नाद नसलेला.

या वर्षी गाडीला थकवा आला. गार असताना नीट चाले. अर्ध्या तासाने इंजिन मोठ्याने ओरडे आणि गाडी मात्र रेंगाळे. पाण्याच्या टाकीकडे जाणारा चढ आहे, रुग्णालयाच्या भिंतीला लागून. त्या चढावर अर्ध्यात एक टपालपेटी आहे. चार रविवार ओळीने गाडी टपालपेटीशी येऊन थांबली. “पत्र टाकायचं राहिलंय का हिचं?” असे वहिनींनी पहिल्या रविवारी विचारले. चौथ्या रविवारी त्या काही न बोलता उतरल्या आणि मागून ढकलू लागल्या. बाइंडर म्हणतो की त्या गप्प बसल्या तेव्हा त्याला खरी भीती वाटली.

जावयाने तीनदा पाहिले. तिन्ही वेळा सकाळी, इंजिन गार असताना, काठी काढून, पुसून, पुन्हा घालून. तेल काठोकाठ. प्लग बदलले, जाळी धुतली. गुरुवारी त्याने हात पुसत निकाल दिला. मी तेव्हा तेथे होतो, कारण माझ्या सायकलची घंटा तीन महिने वाजत नव्हती.

“आतला डबा गेला काका. पंखे झिजले असणार. हा माल आता कुठे मिळत नाही.”

“मग?”

“साध्या गिअरचं इंजिन बसवून देतो. चेसिसला बसेल. क्लचवाली होईल, बाकी सगळं तेच.”

बाइंडरने डावा हात वर करून त्याच्यासमोर धरला. बोटे अर्धी मिटली आणि तेथेच थांबली. “आणि क्लच कोण दाबणार, तुमच्या काकू? मागून?”

जावई खाली पाहू लागला. मीही घंटेकडे पाहिले. वय छप्पन्न, हात हा असा, आणि या शहरात तो चालवू शकेल अशी दुसरी मोटारसायकल नाही. ही गेली की पुन्हा बस. सामान.

त्याच दुपारी त्याने दंतवैद्याला फोन केला. शनिवारी बारा वाजता दंतवैद्य ट्रेलर घेऊन येणार असे ठरले.

शुक्रवारी सकाळी बाइंडर वर माझ्या टेबलाशी आला. शीळ नव्हती. हातात ती तांबडी पुस्तिका होती.

“साहेब, एक काम आहे. डॉक्टर गाडीशेजारी पाटी लावणार म्हणतात. ही कशी चालते ते लोकांना कळेल असं चार ओळींत लिहून द्या. यात सगळं आहे, पण मला ही परकी भाषा चित्रं बघण्यापुरतीच येते.”

“तुम्ही एकोणीस वर्षांत ही वाचली नाही?”

“मी बांधली साहेब. वाचायला तुम्ही आहात.”

मी अशा कामांना नकार देतो. या वेळी का दिला नाही हे मला सांगता येणार नाही. कदाचित त्याने प्रथमच माझी कललेली खुर्ची पाहून सुस्कारा टाकला म्हणून असेल. मी पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला घेतली, कारण कोणतेही पुस्तक मी तसेच वाचतो. एकोणतिसाव्या पानावर तेल मोजण्याची रीत होती. काठी काढावी, पुसावी, पुन्हा घालावी, तेल दोन खुणांच्या मध्ये असावे. वाक्याच्या शेवटी छोटासा तारा छापलेला होता. मी सवयीने पानाच्या तळाशी गेलो. तेथे आरशासारखी सरळ कड होती. तळटीप नव्हती.

प्रथम मला संताप आला, आणि तो मी आवरला नाही. पुस्तिका घेऊन मी बावीस पायऱ्या उतरून तळघरात गेलो.

“बाइंडर, या ताऱ्याची तळटीप कुठे आहे?”

“असेल खाली.”

“खाली तुमची सुरी आहे.”

त्याने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. “आता हिच्यावरही चिठ्ठी लिहिणार का? बारावी?”

“लिहीन. माणूस तारा उगीच छापत नाही. तेल मोजण्याविषयी त्यांना आणखी काहीतरी सांगायचे होते, आणि ते तुम्ही कापून टाकलेत. मिस्त्रीचा जावई तेल मोजतो ते बरोबर मोजतो की नाही, हे आता कोण सांगणार?”

हे शेवटचे वाक्य मी रागाच्या ओघात म्हणालो. म्हणून झाल्यावर त्याचा अर्थ मलाही लागला. खिडकीतून मागच्या चाकाच्या आऱ्यांची सावली टेबलावर पडली होती.

“कापलं ते खरं,” तो सावकाश म्हणाला. “पण टाकलं कुणी म्हणालं तुम्हाला?”

मग त्याने मला ते सांगितले जे चौदा वर्षांत, अकरा चिठ्ठ्यांनंतरही, सांगण्याची गरज त्याला वाटली नव्हती. त्याच्या उस्तादाचा एक दंडक होता. पुस्तकाची खालची कड कापली की कातरणाची गड्डी जशीच्या तशी, क्रम न मोडता, पातळ मलमलीत गुंडाळायची आणि त्याच पुस्तकाच्या पाठीच्या पोकळीत बसवायची. गड्डीची जाडी बरोबर पुस्तकाच्या जाडीएवढी असते, त्यामुळे ती चपखल बसते आणि पाठीला गोलाई येते. ज्याचे कातरण त्याच्याच पाठीत. दुसऱ्या पुस्तकाच्या पाठीत घातले तर उस्ताद हातावर फूटपट्टी मारी. आमच्या पुस्तकांच्या पाठी फुगीर असतात आणि फळीवर नीट मावत नाहीत, अशीही माझी एक तक्रार होती. तिचे कारण मला त्या दिवशी कळले.

“मग उघडा,” मी म्हणालो.

तो हलला नाही. पुस्तिका हातात घेऊन त्याने अंगठ्याने पाठ चोळली. सोनेरी रेघा एके ठिकाणी किंचित वाकड्या होत्या. त्या अधू हाताने ओढलेल्या पहिल्या रेघा. याच पुस्तिकेने त्याची खुर्ची राखली होती. पुढे त्याने हजारो पुस्तके बांधली, पण घरी काचेच्या कपाटात ठेवली ती हीच एक.

“पुन्हा बांधता येईल,” मी म्हणालो.

“येईल. पण हे चामडं पुन्हा जुळत नाही साहेब. एकदा पाठ फाडली की ती फाडलेलीच दिसते.” मग तो हसला, त्या आठवड्यात पहिल्यांदा. “आणि ओळीत काहीच नसलं, ‘आमची गाडी घेतल्याबद्दल आभार’ असं निघालं, तर मी तुम्हाला या यंत्राखाली घालीन.”

त्याने पातळ सुरी घेतली, पुस्तिका डाव्या कोपराखाली दाबली आणि पाठीच्या कडेने, एका रेघेत, चामडे चिरले. आवाज अगदी बारीक झाला. आत पिवळी पडलेली मलमल होती. तिच्यात बत्तीस पट्ट्या, तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या, क्रमाने. एकोणतिसावे पान म्हणजे पंधरावी पट्टी. ती त्याने चिमट्याने उचलून माझ्या भिंगाखाली ठेवली. त्याचा हात स्थिर होता.

बारीक टाइपात एकच ओळ होती. ती मी वाचली आणि त्याच्यासाठी मोठ्याने आपल्या भाषेत सांगितली: इंजिन पाच मिनिटे चालवून बंद करावे व लगेच मोजावे, गार इंजिनात मोजल्यास तेल असते त्याहून अधिक दिसते.

बाइंडर स्टुलावर बसला. “म्हातारा फेरी मारून यायचा,” तो म्हणाला. पट्टी त्याने चिमट्याने पुन्हा उचलली. मग पुन्हा, “शहाणा म्हातारा. बोलायचं तरी.”

गॅरेजमध्ये जावयाला पट्टी दाखवली तेव्हा त्याने ती दोन्ही बाजूंनी पाहिली आणि विचारले, “हे कशावरून कापलं?” उत्तरादाखल बाइंडरने गाडीची किल्ली फिरवली. पाच मिनिटे इंजिन चालवले, बंद केले, काठी काढली. काठीचे टोक ओले होते आणि बाकी कोरडी. रात्रभर उभी राहिली की त्या बंद डब्यातले तेल पाझरून खाली येई आणि सकाळी मोजणाऱ्याला सगळे काठोकाठ दिसे. इंजिन चालले की डबा आपला वाटा परत ओढून घेई, खाली उरे ते पंपाला पुरत नसे, आणि पंप तेलाऐवजी हवा ढकली. हवेने पंखे फिरत नाहीत. जावयाने हे सगळे स्वतःच मोठ्याने मांडले, मान डोलावली, आणि जवळजवळ एक लिटर तेल ओतले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “सर, तुमची घंटा फुकट करून देतो.”

कसोटी चढावरच होणार होती, आणि नेहमीचे वजन मागे हवे होते. वहिनी कामावर. जावयाला गॅरेज सोडता येईना. दोघांनी माझ्याकडे पाहिले.

“मी दुचाकीच्या मागे बसत नाही,” मी सांगितले.

“बसू नका. फक्त वजन द्या,” बाइंडर म्हणाला.

संध्याकाळचे पाच वाजले होते. प्रथम अर्धा तास त्याने गाडी तापवण्यासाठी गावभर फिरवली. मला निःपक्षपातीपणे नोंदवले पाहिजे की बैठक माझ्या कार्यालयीन खुर्चीहून पुष्कळ सरळ होती. हिसके नव्हते. थांबली तर वाऱ्यासारखी थांबे आणि निघाली तर कोणी मागून अलगद हात दिल्यासारखी निघे. मग चढ आला. बाइंडरने टाचेने पट्टी दाबून चढाचा गिअर घातला आणि त्यानंतर त्याला करण्यासारखे काही उरले नाही. त्याचा डावा हात मांडीवर पडलेला मला दिसत होता. टपालपेटी दिसू लागली. इंजिनाचा आवाज वाढला. मी त्याच्या कोटाला धरले. पेटी जवळ आली, शेजारी आली, आणि मागे गेली. आवाज होता तसाच होता. माणूस जिना चढताना बोलत राहतो तशी गाडी चढत राहिली. बाइंडरची पाठ हसत होती. तसे होऊ शकते हे मला माहीत नव्हते.

रुग्णालयाच्या फाटकातून वहिनी पाळी संपवून बाहेर पडत होत्या. त्या थांबल्या, पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि रस्ता ओलांडून आल्या.

“अहो, माझ्या जागेवर कोण बसलंय?”

“तुझ्याच वजनाचं माणूस शोधलं.”

“भावजी, उतरा. आणि त्यांना सांगा, तुमचं वजन किती ते.”

मी उतरलो आणि चढ पायी उतरून घरी गेलो.

शनिवारी बारा वाजता दंतवैद्य ट्रेलर, दोन पट्टे आणि मऊ घोंगडी घेऊन आला. बाइंडरने त्याला घडलेले सांगितले, माफी मागितली आणि म्हणाला, “आलाच आहात तर एक चक्कर मारा.” दंतवैद्य पाच मिनिटांनी परत आला तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला होता, पण त्याचा डावा हात गाडी बंद झाल्यावरही दोनदा हवेतल्या हवेत मिटला. “चाळीस वर्षांची सवय,” तो हाताकडे पाहत म्हणाला. “प्रत्येक वळणावर मी काहीतरी दाबत होतो आणि तिथे काहीच नव्हतं.” मग त्याने विचारले की पाटीसाठी लिहिलेल्या चार ओळी तरी मिळतील का. त्या मी स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवल्याच होत्या. आता त्याच्या वेटिंग रूममध्ये, गाडी नसलेल्या भिंतीवर, ती पाटी आहे. माझे लेखन कोणी काचेच्या चौकटीत लावण्याची ही पहिलीच वेळ, आणि ते वाचणारे सगळे दाढ धरून बसलेले असतात.

सोमवारी बाइंडर वर आला. शीळ जिन्यातूनच ऐकू आली. त्याने माझ्या टेबलावर प्रादेशिक इतिहासाचा तिसरा खंड ठेवला, शेजारी पातळ सुरी ठेवली.

“ज्याचं कातरण त्याच्याच पाठीत. पान दोनशे बारा, ना साहेब?”

त्याला पान पाठ होते. म्हणजे चिठ्ठ्या तो खरोखरच वाचत असे.

“ग्रंथालयाची मालमत्ता आहे,” मी म्हणालो.

“मग लेखी परवानगी द्या. स्वतःला.”

मी दिली. त्याने पाठ चिरली, गड्डी काढली, मोजत मोजत एकशे सहावी पट्टी उचलली आणि भिंगाखाली सरकवली. चौदा वर्षे ज्या वाक्याचा शेवट मी मनात शंभर प्रकारे केला होता, ते पूर्ण झाले. ‘या मताच्या पुष्ट्यर्थ’ आणि त्यापुढे, त्या पट्टीवर: ‘पाहा, खंड पाचवा, परिशिष्ट दुसरे.’

पाचवा खंड आमच्या ग्रंथालयाने कधी घेतलाच नाही. मी त्या वेळी खरेदीची शिफारस केली होती. तिच्यावर शेरा पडला होता.

“कुठे मिळेल तो?” बाइंडरने विचारले.

“विद्यापीठाच्या ग्रंथालयात. नव्वद किलोमीटर. बाहेर देत नाहीत, तेथेच बसून वाचावा लागतो.”

त्याने गड्डी पुन्हा मलमलीत गुंडाळली आणि खिडकीबाहेर मान काढून आभाळ पाहिले.

“या रविवारी तुमच्या वहिनींना दुपारची पाळी आहे,” तो म्हणाला. “जागा रिकामी आहे. फक्त सकाळी पाच मिनिटं लवकर या, तेल मोजायचंय.”

मी खाली वाकून टेबलाचा खण उघडला आणि तळघराच्या खिडकीच्या उजेडाविषयीची पाचवी तक्रार, जी त्याच सकाळी लिहून ठेवली होती, तिच्यावर ‘वाचले’ असे लिहून फायलीला लावली.